जंतूचा हीट नंबर

बायकोची नखं मीच कापली. दुपारची जेवणं झाली होती, अंगणातल्या खाटेवर ती हात पुढं करून बसली.

"बारीक कापा. मळ राहाले जागा नको."

एक नख जरा खोल गेलं तर तिनं हात ओढला. "नख आहे हे, रूळ नाही! जनमभर लोखंड पाहलं तुमी, माणसाचं बोट काही पाहलं नाही."

मी तिची बोटं पाहिली. साबणानं घासून घासून सालं निघाली होती. त्याला कारण मी.

झालं असं, की नातवाच्या पाचवीला तिनं सहाणेवर घुटी उगाळली आणि बोटानं बाळाला चाटवली. आमच्यात सगळ्याच बाया चाटवतात. तीन दिवसांनी बाळ दूध ओढेना, अंग तापलं, नुसतं कण्हायला लागलं. दवाखान्यात नेलं तर रक्तात जंतू निघाले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दुधाशिवाय काय दिलं? हिनं खरं ते सांगितलं, घुटी दिली. आणि मी मुलासमोर, सुनेसमोर, दोन नर्सांसमोर बोललो, "मंग झालं! तुयाच बोटानं गेलं लेकराच्या पोटात."

मी पोलादाच्या प्लांटमध्ये, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये होतो. तिथं रुळाला चीर दिसली की आधी शेवटचा हात कोणाचा लागला त्याला धरायचे. खरं काय ते कळायचं हीट नंबरवरून. भट्टीतून एका वेळी जेवढं पोलाद निघतं त्याचा एक नंबर असतो, तो रुळावर ठोकतात, म्हणजे रूळ कुठंही जावो, कोणत्या घाण्याचा ते सापडतं. असे नंबर मी स्वतः ठोकले. पण घरच्या बाईच्या वेळी नंबरची वाट नाही पाहिली. शेवटचा हात धरला.

बाळ वाचलं. बरेच दिवस सुया टोचाव्या लागल्या, पण वाचलं. सुनेनं कधी वाकडा शब्द काढला नाही. "घ्या ना आई," म्हणायची. ही दारातूनच बाळाशी बोलायची, सुनेला म्हणायची, "राहू दे व माय. माया हाताचा गुण चांगला नाही." मी ऐकत होतो. माझे शब्द परत घ्यायला एक मिनिट लागलं असतं. नाही घेतले.

नखं झाल्यावर हात उलटेसुलटे करून ती म्हणाली, "उद्या घेऊन पाहीन म्हणते लेकराले."

"घे ना. कोण अडवून राहिलं तुले?" म्हणालो आणि भाजी आणायला सुपेल्याच्या बाजारात गेलो. परत आलो तर खाटेवर कुशीला वळून झोपलेली. हाक मारली, उठली नाही.

तिची तेरवी झाल्यावर डॉक्टरीणबाईंचा फोन आला. फॉर्मवर नंबर माझा होता. बाळ आजारी असताना त्यांनी सहाणेवरून, हिच्या बोटांवरून, सुनेच्या अंगातून, सगळीकडून कापसाच्या काडीनं नमुने घेतले होते. ते तपासून आले होते. मी एकटाच गेलो.

"बाबा, वरून हे जंतू सारखेच दिसतात. म्हणून आम्ही त्यांच्या आतले जीन वाचतो. कोणता कोणाचा, ते त्यावरून कळतं."

"हीट नंबर," मी म्हणालो. समजावून सांगितलं तेव्हा हसल्या. "तसंच समजा."

सहाणेवरचे आणि बोटावरचे जंतू वेगळ्याच जातीचे निघाले. बाळाच्या रक्तातला जुळला सुनेच्या अंगातल्याशी. बाई म्हणाल्या, हा जंतू कितीतरी बायांच्या अंगात गुपचूप राहतो, त्यांना काही होत नाही. बाळंतपणात बाळाकडे जातो, बहुतेक बाळांनाही काही होत नाही. पण त्याच्या काही जीनांमुळे तो असा वेष घेतो, की कोवळ्या अंगाला परका वाटत नाही. मग एखादं बाळ सापडतं.

"घुटी देऊच नका, ते वेगळं. पण हा आजार घुटीनं नाही आला. सुनेला पाठवा. पुढच्या खेपेला कळांच्या वेळी इंजेक्शन लागेल, तिला हे माहीत पाहिजे."

सुपेल्याच्या चौकात एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. गाड्यांचा नुसता गोंधळ. मोठ्यानं ओरडून सांगावं वाटलं, तिच्या बोटानं नाही झालं. कोणाला सांगू? जिनं ऐकायचं तीच नव्हती.

घरी सून बाळाला पाजत होती. "बाबा, काय म्हणल्या डॉक्टर?"

"तुले बोलावलं उद्या."

"कावून? सांगा ना."

"उद्या म्हणलं ना."

तोंडाशी आलेलं गिळून बसायची मला सवय नाही. त्या दिवशी बसलो. मुलगा ड्यूटीवरून आला, जेवला, टीव्ही लावला. खाटेवर मी मधोमध बसलो तरी एक बाजू रिकामीच वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला आणि बाळाला ऑटोत घेऊन निघालो. रस्त्यात तिला म्हणालो, "त्या दिवशी मी तुया सासूले बोललो, ते खोटं होतं. तिच्या बोटानं नाही झालं."

तिनं बाळाला जवळ ओढलं. "मंग कोणाच्यानं झालं, बाबा?"

"कोणाच्यानंच नाही."

दवाखान्यात बाळ तिच्याकडून मागून घेतलं, तिला बाकावर बसवलं आणि आधी मी आत गेलो. "बाई, जंतूचं मंग सांगा," म्हणालो. "पहिले तिले हे सांगा का चूक तिची नाही. मी उलटं केलं होतं."