साखर तिच्याकडे

जन्मभर बसचं स्टेअरिंग फिरवलेल्या माणसाला ढवळायला शिकवावं लागत नाही. परसातल्या तुतीचा जाम दर उन्हाळ्यात ड्रायव्हरमामाच ढवळत, दोन्ही हातांनी, खांदे वाकवून. बायको म्हणायची, "अहो, जाम आहे तो, घाट नाही! वळणं जरा बेताची घ्या."

ती हिवाळ्यात गेली. मामा रडले नाहीत. कोणी "कसे आहात?" विचारलं की "ठीक" म्हणत, पुढचा थांबा सांगावा तसं. दात काढण्याआधी सुई टोचली की गाल आपला राहत नाही, तसा अख्खा माणूस झाला होता. ताटातलं गोड काय नि तिखट काय, जिभेला पत्ताच नव्हता.

लेकीचा फोन आला. "बाबा, आता एकटं राहायचं नाही. रविवारी येते, बॅग भरू."

"माझं मला जमतं."

"काय जमतं?"

खिडकीबाहेर तुती पिकून काळी झाली होती. "जाम," ते म्हणाले.

लेक म्हणाली, "बरं. आईसारखा झाला, तर राहा तिथेच."

रविवारी ती भली मोठी रिकामी बॅग घेऊन आली, तेव्हा मामा शेगडीपुढे उभे होते आणि कुंपणाच्या भिंतीवरून शेजारच्या बडबड्या रेडिओकाकूंचं प्रसारण जोरात चालू होतं. "अगोबाई, भाऊ, स्वतः करताय? देठं काढलीत ना? गेल्या वर्षी एक माझ्या दातात अडकलं, दोन दिवस हसता येईना! लिंबू? लिंबू पिळलंत? आमच्या ह्यांना विचारा, गॅस कुठून पेटतो, म्हणतील दुकानातून!"

"काढली. पिळलं," मामा म्हणाले.

फ्रीझरमधली गार बशी काढून त्यांनी जामाचा थेंब टाकला, बशी तिरकी केली. थेंब सरळ कडेला पळाला. पुन्हा ढवळलं. पुन्हा थेंब पळाला, या वेळी थेट बाहीवर.

लेकीने चमचा बुडवून चाखला आणि तिचा एक डोळा आपोआप मिटला. "बाबा! साखर?"

"ती घालते ना," मामा ढवळता ढवळताच म्हणाले.

पळी थांबली. भिंतीपलीकडे रेडिओसुद्धा बंद पडला.

साखर तिच्याकडे, हा घरातला कायदा होता. "तुम्ही ढवळा, साखरेत नाक खुपसू नका." ती मागून यायची, हाताखालून साखरेचा मग रिकामा करायची. किती, ते मामांनी कधी पाहिलंच नव्हतं. पळी हाताला जड लागू लागली की साखर पडली, एवढंच त्यांना ठाऊक.

"किती घालू?" लेकीने मग हातात घेतला. "मला तरी कुठे माहीत!"

"घाल. मी सांगतो."

तिने एक मग ओतला. मामा ढवळत राहिले, डोळे मिटून. "अजून." पातेलं खदखदू लागलं. "अजून थोडी." मग बराच वेळ काही नाही, नुसती पळी. आणि मनगटाला ते जुनं ओझं लागलं. "बस."

या वेळी थेंब बशीवर बसला. बोटाने ढकलला तर त्याला सुरकुती पडली.

"आईसारखा झालाय?" मामांनी विचारलं.

लेकीने दोनदा चाखून पाहिला. खोटं बोलणं तिच्या जिवावर आलं. "नाही. आंबट आहे. पण जमलाय." तिने चमचा पुढे केला. "तुम्ही बघा ना."

मामांनी चाखला. जिभेला गरम लागलं, बाकी काही नाही. "ठीक," ते म्हणाले.

लेकीने कपाटाकडे पाहिलं, कपड्यांच्या. मग बॅग उघडली, जाम भरलेल्या गरम बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून एकेक आत ठेवल्या आणि चेन लावली. "पुढच्या उन्हाळ्यात साखर मी घालीन," ती म्हणाली. "तोवर फोन उचलत जा."

"भाऊ, माझी बाटली विसरू नका हं!" रेडिओ पुन्हा सुरू झाला.

मामांनी एक बाटली भिंतीवर ठेवली. मग पळी धुवायला घेतली. धुऊन झाली तरी नळाखाली ती तशीच धरून ते उभे राहिले. मनगट दुखत होतं.