मध्यंतरानंतरचा सीन

आमच्या शेजारणीचा मला कित्येक वर्षं हेवा वाटला, हे आधीच सांगून टाकते. बाई चांगली होती, त्यामुळे तर जास्तच. शाळेच्या लायब्ररीतून रिटायर झालेली, एकटी, गुडघ्यांनी बेजार. शॉमबर्ग या अमेरिकन उपनगरातल्या आमच्या टाउनहाउसला तिचं घर खेटून होतं. २००१च्या त्या सप्टेंबरनंतर रांगेतल्या दारोदार झेंडे लागले, तेव्हा आमच्या पायरीशी एक छोटा झेंडा तिनेच आणून खोचला. तुम्हाला कोणी काही बोलायला नको, म्हणाली. नवऱ्याला ते फार आवडलं. मीही थँक यू म्हटलं, पण माझ्या दारात काय लागावं हे दुसऱ्याच बाईने ठरवलं, हे मला खुपलं ते खुपलंच.

खरी ठिणगी पडली ती पुस्तकांवरून. माझी मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून तिच्या पोर्चवर पळायची आणि ती बाई तिला वाचून दाखवायची. बर्फात अडकलेली कुटुंबं, लाकडी खोपटं, लोणी घुसळणाऱ्या मुली. पुढे शाळेत ‘आपली माणसं इथे कशी आली’ असा प्रोजेक्ट निघाला, तर पोरीने त्या पुस्तकांतल्यासारखी पुठ्ठ्याची घोडागाडी केली, वर पांढऱ्या कापडाचं छत. तिचे पणजोबा सोलापुरात मागावर चादरी विणायचे.

“अगं, आपण विमानाने आलो,” मी म्हटलं.

“आय नो, आई. पण ही स्टोरी बेटर आहे.”

मी काही हातावर हात ठेवून बसले नाही. दर भारतवारीत मसाल्यांचं वजन कमी करून गोष्टींची मराठी पुस्तकं आणली. पण त्या बाईच्या पुस्तकात सगळं आपोआप कळायचं आणि माझ्या पुस्तकात ओळीओळीला गाडी अडायची. चिंचोके म्हणजे काय? आत्या आणि मावशी वेगळ्या का? माझी आई अजूनही रवीने ताक घुसळते, त्यातलं लोणी पोरीने चाटूनपुसून खाल्लेलं. तरी लोणी म्हटलं की तिला आठवायची ती पुस्तकातली बर्फाळ मुलगी. आमचं लोणीसुद्धा त्या बाईने पळवलं, असं मी नवऱ्याला म्हटलं, तर तो खो खो हसला.

राहता राहिला माझा सिनेमा. जुना, कृष्णधवल. लहानपणी गणपतीत गल्लीत पडदा लावून दाखवायचे, तेव्हा आईच्या मांडीला मांडी लावून मी तो पाहिला होता. त्यात एक सीन आहे. नोकरीसाठी पहिल्यांदाच गाव सोडणारी मुलगी एसटीत बसते. निरोपाला आलेली आई गाडीच्या एका बाजूला उभी आणि मुलगी नेमकी दुसऱ्या बाजूच्या खिडकीत. गाडी सुरू होते, तशी आई वळसा घालून पळत येते, खिडकीचा गज धरते. आता ही काहीतरी मोठं बोलणार असं वाटतं, तर ती एवढंच म्हणते, “पलीकडची खिडकी कशाला गं धरलीस?” आणि गाडी सुटते.

तिथे माझी आई पदर तोंडाला लावायची आणि तिच्याकडे बघून मलाही रडू फुटायचं. पुढे हे वाक्य आमच्या घरातलंच झालं. पोर गाडीत लांबच्या सीटवर बसली की मी ते म्हणायचे, ती डोळे फिरवायची. मला एकच हवं होतं. तो सीन येईल तेव्हा तिने माझ्या शेजारी असावं.

एका वर्षी आमच्या मराठी मंडळाने रविवारी सकाळी थिएटर भाड्याने घेऊन नेमका तोच सिनेमा लावला. मी हरखले. पोरीने लगेच विचारलं, “कॅन शी कम टू?” नाही कसं म्हणणार?

पोर आम्हा दोघींच्या मध्ये बसली. खाली इंग्रजी अक्षरं नव्हती, म्हणून ती बाईच्या कानात सगळं सांगत होती. भराभर, न अडखळता. माझ्यापुढे ‘व्हॉट डझ दॅट मीन’ करणारी ही पोर, हिला तर सगळं कळत होतं. फक्त ते सांगताना तिची पाठ माझ्याकडे होती.

पडद्यावर ‘मध्यंतर’ अशी पाटी आली आणि आख्खं थिएटर उठलं. मध्यंतर म्हणजे बटाटेवडा आणि चहा, यात विचार करायचा काय? वड्यांच्या टेबलावर माझी ड्यूटी होती. बाईला उठबस जड, म्हणून पोर तिच्यापाशी थांबली. “बसा दोघी, मी आलेच,” म्हणून मी बाहेर आले.

सिनेमा मध्येच थांबवायचा असतो, हे थिएटरच्या माणसाला कोणी सांगितलंच नव्हतं. इथे कुठे मध्यंतर असतं! दारं जाडजूड, बाहेर आमचा कलकलाट. आम्ही चटणी वाढत होतो आणि आत पाटी जाऊन सिनेमा कधीच पुढे निघाला होता.

मी शिरले तेव्हा पडद्यावर नायिका ऑफिसात टायपिंग करत होती. म्हणजे एसटी केव्हाच गेली होती. मी मंडळाच्या काकांना गाठलं. “काका, मागे घ्यायला सांगा ना.” पण पुढचा शो होता, हॉल वेळेत रिकामा करायचा होता. “जाऊ दे गं, सगळ्यांनी पाहिलाय की,” काका म्हणाले. खरंच, कोणाचं काही बिघडलं नव्हतं. मी अंधारात बसून राहिले. मला रडू येत होतं आणि हाताला वड्यांचा वास येत होता.

परतताना बाई पुढे माझ्या शेजारी बसली, आणि मला माझाच सीन तिच्याकडून इंग्रजीत ऐकावा लागला. बसला वळसा घालून धावणारी ती आई, तो गज, सगळं. मी स्टिअरिंग घट्ट धरून ‘येस, येस’ करत होते. मग तिने मागे वळून विचारलं, ती आई शेवटी काय म्हणाली ते मला तुमच्या भाषेत ऐकव ना.

“पलीकडची खिडकी कशाला गं धरलीस,” पोर म्हणाली.

अगदी माझा हेल. म्हणजे माझ्या आईचा, सोलापूरचा. वर्षभरात तिच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं अख्खं मराठी वाक्य, आणि ते तिने त्या बाईला दिलं. बाईने ते दोनदा म्हणून पाहिलं, पोरीने तिचे उच्चार सुधारले.

“तू रडलीस का गं?” मी विचारलं.

“अ लिट्ल. शी हेल्ड माय हँड.”

मी आरशात पाहिलं. पोर माझ्या मागे नव्हती, बाईच्या मागच्या खिडकीशी बसली होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझं वाक्य नुकतंच वापरून झालं होतं.