नानांची परात

कुणी गूळ न खाता घरी निघाला, तर नाना त्याला रस्त्यातून परत बोलवायचे. बिडकीन रस्त्यावरच्या त्यांच्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवलं जाई. मालक नाना, हिशेब आणि कागदपत्रं माझ्याकडे. पाळी सुटली की नाना परात घेऊन दारात उभे. "खा रं. धूळ समदी पोटातून निघून जाती." मलाही ऑफिसात खडा यायचाच.

गूळ देवगाव रंगारीचा, नानांच्या भावाच्या उसाचा. तो मऊ राहावा म्हणून परात भट्टीच्या तोंडाजवळ कट्ट्यावर असायची. नानांचे दात पडलेले, त्यांना मऊच लागे.

नियमांचं मात्र त्यांना वावडं. प्रदूषण मंडळाची नोटीस आली: उंच चिमणी, धूर गाळायची यंत्रणा, कामगारांची रक्ततपासणी, नाहीतर भट्टी बंद. यंत्रणा शेडपेक्षा महाग. "यान्ला भट्टीचा धूर दिसतो, आमच्या चुली दिसत नाय," म्हणत नानांनी वकिलाकरवी मुदत मिळवली. त्यातल्या त्यात स्वस्त ती तपासणी, म्हणून मी डॉक्टर बोलावले.

"बाई, तू माझ्याकडं कामाला हायेस का मंडळाकडं?"

"पगार तुम्ही देता. बाही वर करा," मी म्हटलं.

अहवाल आले. सगळ्यांच्या रक्तात शिसं. मी भट्टीकडे फिरकतही नव्हते, तरी माझ्याही. डॉक्टरांनी विचारलं, "इथं खाता काय तुम्ही?" मी परात दाखवली. त्यांनी काठावरून बोट फिरवलं. बोट करडं झालं.

नाना कट्ट्यावर बसले. "म्हंजे मीच चारलं म्हना की यान्ला."

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली नाही. जुना भट्टीवाला रशीदभाई चिडला. "मुदत बाकी है ना शेठ? घर में क्या खिलाऊं?"

"मुदत भट्टीला भेटली, रशीद. तुला नाय."

परवाना असलेल्या, शिशाच्याच एका मोठ्या कारखान्यात नानांनी शब्द टाकला. रशीदभाईला आणि मला तिथं काम मिळालं. बाकीच्यांना जागा नव्हती. ते रोजानं शेतावर जाऊ लागले. त्यातले काही नानांशी पुन्हा बोलले नाहीत. नानांनी तक्रार केली नाही.

एकदा ते कारखाना बघायला आले. गेटवरच्या नळावर कोपरापर्यंत साबण लावला, हात धुतले आणि मग खिशातून गुळाची पुडी काढली.

"आता खाल्ला तर चालंल का?"

"चालेल. पण त्यानं शिसं जात नाही, नाना."

"ठावं हाय गं. गोड लागतो."

नाना जाऊन बरीच वर्षं झाली. कारखान्यात आता कामगारांच्या सुरक्षेचं काम माझ्याकडे आहे. पाळी सुटली की मी गेटवर उभी राहते. कुणी हात न धुता घरी निघाला, तर त्याला रस्त्यातून परत बोलावते.