खोडरबरावरचा दगड

माझ्या हातच्या कशालाही ताईनं कधी चांगलं म्हटलं नाही. पोळी केली तर कड जाड, स्वेटर विणला तर एक बाही लांब. ती नागपूरला मुलाकडे असते, मी इथे हिंदी मुलखात, आमच्या लहानपणच्याच गावी, कांचघर भागात. शाळेतून रिटायर झाल्यावर मला खोडरबरावर चित्रं कोरून शिक्के करायचा नाद लागला. ते शिक्के पाकिटावर छापायचे आणि पाकीट ताईला पाठवायचं. आत दोन ओळी असायच्या, त्याही हवापाण्याच्या. खरा मजकूर पाकिटावरच.

सामान म्हणाल तर काही नाही. पांढरे खोडरबर, स्टँप पॅड आणि मोडक्या छत्रीची एक काडी. ती आतून पन्हळीसारखी पोकळ असते. टोक घासून धार आणली की रबर अलगद निघतं. दुकानदार विचारायचा, "दीदी, घर में कितने बच्चे हैं? इतने रबर?" मी म्हणायची, एकच आहे, साठीच्या पुढची आहे. पोस्टातल्या भैयाशी मात्र माझं रोजचं भांडण. एवढी जागा मोकळी सोडलेली, तरी त्याचा काळा ठप्पा नेमका माझ्या खारीच्या तोंडावर.

पाकीट पोचलं की ताईचा फोन ठरलेला. "काहून गं, ही खारीची शेपूट आहे की झाडू?" मी चिडायची, फोन ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी नवी खार कोरायला बसायची.

गेल्या वर्षी ती एकदम कौतुक करायला लागली. "सुरेख. फारच सुरेख." आधी मी सुखावले. वाटलं, चलो, उशिरा का होईना, कळलं बाईला. मग एकदा पॅड वाळलेलं निघालं, शिक्का इतका फिका उमटला की पाकीट जवळजवळ कोरंच. मी वैतागून तसंच पोस्टात टाकलं. चार दिवसांनी ताई फोनवर म्हणाली, "आजचं तर सगळ्यात छान."

मी विचारलं, "काय आहे त्यावर?"

ती म्हणाली, "सून माहेरी गेली आहे. तीच सांगत असते मला काय छापलंय ते."

काचबिंदू होता हे मला माहीत होतं. इतकं झालंय हे नव्हतं. आता उजेड-अंधार तेवढा कळतो, म्हणाली. मी भडकलेच. इतके महिने मला का सांगितलं नाहीस? तर म्हणते, "सांगितलं असतं तर तू पाठवायचं बंद केलं असतंस. पोस्टमन आला की मला बरं वाटतं."

त्यानंतर मी खोडरबराला हात लावला नाही. कोरायचं कोणासाठी? आणि न पाठवावं तर तिचा पोस्टमन जातो. फोन करायची, पण दोघींनाही बोलायला काही सुचायचं नाही. ती तब्येत विचारायची, मी तब्येत विचारायची. अशा बहिणी आम्ही कधीच नव्हतो.

एका सकाळी शिक्क्यांचा डबा काढला आणि शाई धुवायला एकेक शिक्का नळाखाली धरला. गॅसवर दूध होतं, लक्ष सगळं दुधाकडे. हातात कोणता शिक्का आहे ते मी पाहतच नव्हते, तरी अंगठ्याला कळलं की ही खार. पुढचा घेतला, तो मोर. दूध उतू गेलं ते गेलंच.

त्याच दुपारी नवा कोरला, नेहमीपेक्षा खोल. इथल्या मदन महालच्या टेकडीवरचा तो दगड, मोठ्या दगडावर नुसता टेकलेला, लहानपणी आम्ही दोघी ज्याला ढकलून बघायचो तो. एक छाप माझ्याजवळ ठेवला, शिक्का साबणानं धुतला, फडक्यात गुंडाळून पाकिटात घातला. भैयानं पाकीट चाचपून विचारलं, "इसमें क्या है?" मी म्हटलं, पत्थर है.

फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते.

"दगड आहे ना आपला?" ताई म्हणाली. "वरचा फार गोल केलास. इतका गोल असता तर कधीच घरंगळला असता. आणि खाली डावीकडे हात घसरलाय तुझा."

मी म्हटलं, काहीतरीच, कुठे घसरलाय? चष्मा लावून माझ्याजवळचा छाप पाहिला. खालच्या कडेला केसाएवढी रेघ होती. मला रडू आलं, आणि इतका आनंद झाला होता की ते लपवायचंही सुचलं नाही.

"रडून काय राहिली?" ताई म्हणाली. "दुसरा कर. नीट कर."