सकाळच्या मांडवातले दोन वधूपिते

दिल्लीतल्या बावीस वर्षांच्या नोकरीत सूर्यकांत देवस्थळी यांनी पंजाबी, हरयाणवी आणि गढवाली सहकाऱ्यांच्या घरची पन्नासेक लग्ने तरी जेवून घेतली होती. पण त्यांतल्या एकाही लग्नातला नवरदेव त्यांनी पाहिलेला नव्हता. पत्रिकेत सात लिहिलेले असले, की ते आणि त्यांच्या पत्नी विजयालक्ष्मीबाई सातला मांडवात हजर असत. त्या वेळी सतरंज्या अंथरल्या जात असत आणि वीजवाला शिडीवर चढलेला असे. दोघे शांतपणे खुर्च्यांवर बसत, नऊच्या सुमारास मांडववाल्यांच्या पंगतीतच जेवून घेत, समोर येईल त्या वडीलधाऱ्या माणसाच्या हाती आहेराचे पाकीट देत आणि बस बंद होण्याआधी घरी परतत. वरात त्यानंतर कधीतरी येत असावी. तिचे पुढे काय होते, याची चौकशी करणे त्यांना दुसऱ्याच्या खासगी गोष्टीत डोकावण्यासारखे वाटे. केंद्र सरकारच्या नोकरीतला मराठी माणूस दिल्लीत जन्म काढतो, पण दिल्लीची रात्र त्याने पाहिलेली नसते. देवस्थळींच्या कन्येच्या लग्नात जे घडले, ते या अज्ञानातून घडले.

ते मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. सरोजिनीनगरचे सरकारी घर सोडून ते नुकतेच नोएडात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते. बाजार खुला होऊन चारपाच वर्षे झाली होती. कालपर्यंत जिथे गहू पिकत होता तिथे आकड्यांनी ओळखले जाणारे सेक्टर उभे राहत होते, आणि त्या सेक्टरांमधल्या मोकळ्या जागांवर दिवाळीनंतर थर्माकोलचे राजवाडे उगवत. ज्यांच्याकडे पैसा नव्याने आला होता त्यांना तो दिसायला हवा होता, आणि तो दाखवण्यासाठी लग्नाइतकी सोयीची दुसरी जागा नव्हती. देवस्थळींना या प्रदर्शनाची मनापासून शिसारी येई. संपदाचे लग्न साधे, वेळेवर आणि निर्दोष होईल, असे त्यांनी ठरवले होते.

"बाबा, कोर्टात करू या ना यार," संपदा म्हणाली होती. "दोन सह्या, चार पेढे, बस."

"बापाला यार म्हणू नकोस," विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या.

कोर्टाचा मार्ग बंद होता, तो काकासाहेबांमुळे. नियोजित वर चिन्मय नोएडातल्याच एका नव्या संगणक कंपनीत होता. आईवडील लहानपणीच गेल्यामुळे त्याला त्याच्या काकांनी, पुण्याच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या काकासाहेबांनी, वाढवले होते. काकासाहेबांना हुंडा नको होता, मानपान नको होता. त्यांची अट एकच होती. "मुहूर्त चुकला, तर मी अक्षता टाकणार नाही," त्यांनी सांगितले होते. "चिन्मयला घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत जाईन. शाळेची घंटा मी चाळीस वर्षांत एकदाही उशिरा होऊ दिली नाही." चिन्मय काकांचा शब्द मोडणाऱ्यांतला नव्हता, हे संपदाला माहीत होते, म्हणून तीही गप्प बसली.

तुळशीचे लग्न आटोपल्यानंतरचा पहिलाच मुहूर्त निघाला, सकाळी दहा बावन्नचा. थंडी बेताची, धुके अजून लांब, पाहुण्यांना सुखाचा काळ. मात्र त्याच सुमारास सारी दिल्ली लग्नाला उभी राहते. तंबूवाल्याने तारीख ऐकताच हात जोडले.

"साहब, उन दिनों तो घोड़ी भी ब्लैक में मिलती है।"

"आम्हाला रात्री नको. सुबह चाहिए।"

"सुबह? मुंडन है?"

"शादी है।"

तंबूवाल्याने वही मिटली. मग खालच्या आवाजात, सहानुभूतीने म्हणाला, "कोई मजबूरी है, साहब?"

पण आदल्या रात्रीच्या लग्नासाठी उभारलेला मांडव सकाळी रिकामाच राहणार होता. तो फुलांसकट निम्म्या भाड्यात मिळाला. देवस्थळींना आपल्या व्यवस्थापनाचा अभिमान वाटावा इतका हा सौदा चोख होता. संपूर्ण दिल्ली रात्री ज्या गर्दीत चेंगरते तिला वळसा घालून आपण सूर्यप्रकाशात लग्न लावणार, हे त्यांनी कचेरीत तिघांना तरी समजावून सांगितले.

लग्नाच्या दिवशी सकाळी आठला वधू, आई, गुरुजी आणि निवडक आप्त यांच्यासह ते मांडवात शिरले. मांडव भरलेला होता. खुर्च्याखुर्च्यांवर कोट घातलेली माणसे तोंडे उघडी टाकून झोपली होती. वधूवरांसाठी ठेवलेल्या सोनेरी सिंहासनांपैकी एकावर एक आजोबा घोरत होते. दुसऱ्यावर लाल घागऱ्यातली एक मुलगी हातावर डोके टेकून टक्क जागी होती. आणि प्रवेशद्वाराशी गुलाबी फेटा बांधलेला एक धिप्पाड गृहस्थ रस्त्याकडे डोळे लावून उभा होता. देवस्थळींना पाहताच तो धावत आला.

"आ गए आप! लड़केवाले?"

"नहीं. मी... मैं लड़कीवाला."

"लड़कीवाला तो मैं हूँ।"

"मैं भी."

गृहस्थांचे नाव उदयसिंह. हा सेक्टर म्हणजे एकेकाळी त्यांचे शेत होते. त्यांच्या मुलीची, रिंकूची, वरात पानिपतहून रात्री नऊला यायची होती. पण बँडवाल्याने एकाच रात्री चार लग्ने घेतली होती, घोडीही त्याच बँडची होती, आणि घोडीशिवाय नवरदेव पाऊल उचलायला तयार नव्हता. नऊपासून निरोप येत होता, की वरात निघाली आहे. अजूनही तोच येत होता.

"पण दिल्लीतली लग्नं... शादियाँ रात को खत्म नहीं होतीं?" देवस्थळींनी विचारले.

उदयसिंहांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळले. "आप दिल्ली में नए आए हैं?"

देवस्थळींनी खिशातली पत्रिका पुढे केली. "आमचा मुहूर्त आहे," ते म्हणाले, "दस बजकर बावन मिनट."

"बावन? शादी है कि रेलगाड़ी?"

चिडण्याचे कारण होते, पण चिडता येईना. या माणसाचे डोळे रात्रभरच्या वाट पाहण्याने लाल झाले होते आणि त्याची मुलगी नटूनथटून सिंहासनावर बसून होती. मुलीच्या बापाने कुणाच्या तरी लहरीची वाट पाहत दारात उभे राहायचे, ही रीत देवस्थळींना पूर्वीपासून अमानुष वाटत आली होती. मात्र त्या रीतीला तोंड असते, ते असे फेट्याखाली सुजलेले असते, हे त्यांनी प्रथमच पाहिले. मांडव दोघांत वाटून घेण्याचे ठरले. विजयालक्ष्मीबाईंनी रिंकूपुढे उपम्याची बशी ठेवली. रिंकूच्या आत्याने संपदाच्या मुंडावळ्या पाहून "बेचारी को बस इतना ही पहनाया?" असे म्हणत तिच्या हातात आपल्याकडच्या बांगड्या चढवल्या.

सव्वादहा झाले आणि लांबून बँड ऐकू आला. उदयसिंहांची वरात खरोखरच आली होती. भर उन्हात विजेच्या हंड्या पेटलेल्या, मागे जनरेटरची गाडी, घोडी उभ्याउभ्या पेंगत होती, आणि रात्रभर न झोपलेली तरुण मंडळी अरुंद रस्ता अडवून नाचत होती. त्या साऱ्याच्या मागे, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहात उतरलेल्या पुणेकर वऱ्हाडाची मेटाडोर अडकली होती. तिच्या खिडकीत काकासाहेबांची पांढरी पगडी आणि तिच्या शेजारी चिन्मयचा मुंडावळ्या बांधलेला चेहरा दिसत होता.

देवस्थळी धावत वरातीपाशी गेले. "जरा रास्ता दीजिए. हमारा दूल्हा पीछे है."

"अंकल," एक तरुण डोलत म्हणाला, "आज जो नाचेगा, वही आगे जाएगा।"

काकासाहेब तोवर गाडीतून उतरले होते. त्यांनी परिस्थितीचा विचार केला, घड्याळ पाहिले, उपरणे कमरेला बांधले. नाच त्यांना येत नव्हता. पण शाळेत त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांकडून लेझीम करून घेतली होती. चेहरा कवायतीच्या तासासारखा कठोर ठेवून त्यांनी पहिला हात टाकला, मग वाकून दुसरा. बँडवाल्याने चाल ओळखली नाही, पण ठेका पकडला. तरुणांनी गोल केला. "ताऊजी, फिर से!" कुणीतरी ओरडले. काकासाहेबांनी पुन्हा केले. मग रांगा लावून त्यांना शिकवले. एकाचा पाय चुकला तेव्हा त्याला थांबवून परत करायला लावले. देवस्थळी दोन्ही हात हलवून "काकासाहेब, वेळ" असे सांगत राहिले. त्यांचे शब्द ढोलात बुडाले. चिन्मयने शेजारी येऊन सांगून पाहिले.

"रांग सरळ होऊ दे आधी," काकासाहेब त्याला म्हणाले.

शेवटी त्या मिरवणुकीच्या अग्रभागी पुणेकर मंडळी मांडवाच्या दारात पोहोचली. पगडी पाहून रिंकूच्या मामांनी काकासाहेबांना व्याही समजून हार घातला, मिठी मारली आणि जमिनीपासून वीतभर उचलले.

अंतरपाट धरला गेला. अलीकडे संपदा, पलीकडे चिन्मय, बाजूला हातात अक्षता घेतलेली उदयसिंहांची जागी झालेली माणसे. गुरुजींनी घड्याळाकडे पाहायचे टाळले. मुहूर्त टळल्याचे काकासाहेब सोडून सगळ्यांना माहीत होते. काकासाहेबांचा श्वास अजून लागला होता. त्यांचे घड्याळ मिठीत बंद पडले होते.

"देवस्थळी," त्यांनी विचारले, "वाजले किती?"

विजयालक्ष्मीबाईंनी नवऱ्याचा सदरा मागून ओढला. एक खोटा आकडा, आणि मुलीचा संसार उभा राहणार होता. देवस्थळींनी संपदाकडे पाहिले. तिने डोळे मिटले होते. बावीस वर्षांत फाइलीवर चुकीची तारीख टाकण्याचे प्रसंग त्यांच्यावर अनेकदा आले होते, आणि दर वेळी त्यांनी नकार दिला होता. तिथे पणाला लागलेले मात्र दुसऱ्याचे असे.

"सव्वाअकरा होऊन गेले," ते म्हणाले. "मुहूर्त टळला."

काकासाहेबांनी हातातल्या अक्षतांकडे पाहिले.

"मुहूर्ताच्या वेळी मी कुठे होतो?"

"रस्त्यावर. लेझीम घेत होता."

"कुणी पाहिलं?"

"सगळ्यांनीच, काका," चिन्मय म्हणाला.

काकासाहेबांनी कमरेचे उपरणे सोडून खांद्यावर घेतले. "म्हणजे वर्ग मीच उशिरा सोडला," ते म्हणाले. "आता मुलांना शिक्षा कशी करायची? गुरुजी, चालू द्या. आणि देवस्थळी, पुण्यात हे कळता कामा नये."

मंगलाष्टकांचे पहिले 'सावधान' होताच उदयसिंहांच्या माणसांनी सगळ्या अक्षता एकदमच उधळून टाकल्या. मग पुढच्या प्रत्येक वेळी ते जमिनीवरून वेचून टाकू लागले. अंतरपाट दूर झाला. संपदा हसू दाबत होती की रडू, हे हारांतून नीट दिसत नव्हते.

"हो गई?" उदयसिंहांनी विचारले.

"हो गई."

"बस? इतनी देर में?" त्यांनी देवस्थळींचे दोन्ही हात धरले. "तो भाईसाहब, अब आप खाली हैं। मेरे साथ आ जाइए।"

वरात अजून दाराबाहेरच होती. लेझीम शिकलेली पोरे दारातच नाचत राहून तिला आत येऊ देत नव्हती. देवस्थळींनी अंगावरच्या अक्षता झटकल्या आणि ते उदयसिंहांशेजारी दारात जाऊन उभे राहिले.