पायलीनं हळद मोजणारा माझा पोरगा

थकली बापा आज. मी सांगून राहिली, नात लिहून राहिली.

सकाळी आमच्या धानाच्या मिलची मोटर जळली. वायरवर करंट मोजाचं कडं बसवतेत, त्याले सीटी म्हणतेत. मोटर साठ अँपिअरची. बसवाच्या आधीच आयटीआय शिकलेली नात म्हणे, "बाबा, शंभरचा सीटी घ्या." पोरगा म्हणे, "मोठा तोच बरा," अन् चारशेचा लावला. एवढ्या मोठ्या मापात वाढलेला करंट नजरेतच आला नाही. करंट वाढला का सीटीच्या मापावरून मोटर आपोआप बंद व्हाची, ते झालीच नाही.

मी म्हटलं, "बाबू, धान मोजाच्या पायलीनं हळद मोजतेत का?"

"माय, तुले काय समजते?"

"अक्षर नाही समजत. माप समजते."

मिल बंद, धान अंगणात पडून. आता पोरगा मोटर दुरुस्तीले टाकून शंभरचा सीटी आणाले गेला.

तुमच्या घरी पोरीचं कवा ऐकतेत? मोटर जळाच्या आधी, का मंग?