संतराम सिगार शिकतो

वारंगा फाट्यावरची संतरामची पानटपरी तीस वर्षांची. पानाला नुसतं बोट लावून तो ते कधी खुडलंय हे सांगे, आणि चिमूटभर तंबाखू हुंगून ती किती जुनी तेही. त्यामुळे रस्त्याच्या कामावरच्या तरुण इंजिनिअरने "काका, सिगार ठेवता का?" असं विचारताच त्याच्या तोंडून निघून गेलं, "ठेवतो ना! रविवारी या." मला माहीत नाही, असं त्याच्या तोंडून फाट्यावर कुणी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्याला ते ऐकू द्यायचंही नव्हतं.

नांदेडहून पाच सिगार आल्या, सोबत नवशिक्यांसाठीचं एक पुस्तक. संतराम घरी ते पोथीसारखं वाचू लागला. बायको सोजराबाई भाकरी थापता थापता ऐकत होती.

"धूर गिळायचा न्हाई म्हणं. तोंडात घोळवून सोडून द्यायचा."

"मंग वढायची काहून? चुलीम्होरं बसा की, फुकटात हाय."

"एक सिगार तासभर चालती."

"तासभर! रिकामटेकड्यांचंच काम दिसून राहिलं."

चौथ्या पानावर लिहिलं होतं, सिगार म्हणजे गुंडाळलेली पानंच. वाळू देऊ नये, ओलाव्यात ठेवावी. संतरामने पुस्तक मिटलं. पानं कशी जपायची हे आता त्याला पुस्तकाने शिकवायचं? त्याने पाचही सिगार विड्याच्या पानांसोबत ओल्या फडक्यात गुंडाळल्या. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं, रोज उलटवल्या.

रविवारी इंजिनिअर आला. सिगार पिकल्या केळ्यासारखी मऊ. सहा काड्या झाल्या, ओढून ओढून त्याचे गाल आत गेले, धूर मात्र काडीचाच.

डबा घेऊन आलेली सोजराबाई म्हणाली, "वलं सरपण हाय ते. रॉकेल टाका." टपरीपुढची गिऱ्हाइकं खो खो हसली.

'इंपोर्टेड माल असाच असतोय' ही थाप संतरामच्या अगदी जिभेवर आली. पण ते पोरगं बिचारं सातवी काडी ओढायला निघालं होतं. संतरामने त्याचा हात धरला.

"राहू द्या, साहेब. मला यातलं काही कळत न्हाई. पुस्तकाची बी चारच पानं वाचली."

इंजिनिअर ओशाळला. "मलाही नाही कळत, काका. पुढच्या आठवड्यात मोठे साहेब येणारेत, ते सगळ्यांना सिगार देतात. म्हटलं, तुमच्याकडून आधी शिकून घ्यावं."

संतरामने त्याच्याकडे बघितलं. मग पिशवीतून पुस्तक काढलं, चष्मा पुसला आणि बाकावर त्याच्यासाठी जागा केली.

"बसा. पाचव्या पानापासून."

गिऱ्हाइकं पुढे सरकली. "संतरामभाऊ, जोरात वाचा की! आमाला कुठं येतंय?"